रेती चाळाले जाऊन येतो

माह्या नातीच्या गळ्यात पट्टा आला, त्याले फोटोवालं कार्ड, तेव्हा मी समजली का पोरगी नोकरीले लागली. कोणी सांगितलं नव्हतं, मीच समजली. आमच्या गल्लीत ज्याच्या गळ्यात पट्टा तो नोकरीवाला, मंग तो बँकेतला असो का मॉलच्या दारातला. मी पेढे आणले अन् पौर्णिमेले विहारात वंदना झाल्यावर बायाइले वाटले.

एक जण म्हणे, "काय म्हणून लागली वं?"

"इंजिनियर," मी म्हटलं.

"बिल्डिंगीवर?"

"हाव. आजी बिल्डिंगीवर होती, मंग नात कुठं जाईन?"

सगळ्या हासल्या. घरी येऊन सांगितलं तं पोरीनं कपाळाले हात लावला.

"आजी, काय केलं वं हे! नोकरी नाही ते. इंटर्नशिप आहे."

मले ते 'अंतर' ऐकू आलं. म्हटलं, कायचं अंतर? मंग तिनं समजावून सांगितलं. कॉलेजनं पाठवलं आहे, शेवटचे सहा महिने साईटवर राहून काम शिकाचं, तिथून कागद आणून दिला का डिप्लोमा हाती.

"मंग रोजी?"

"नाही देत."

"येणं-जाणं?"

"आपलं."

"डबा?"

"आपलाच."

"चहा तं पाजत असन?"

पोरगी हासली. "चहा मीच नेऊन देतो आजी, साईटच्या इंजिनियर सरले."

मिस्त्रीच्या हाताखाली नवा पोट्टा आला, त्याले थापी धरता येत नसली तरी दोन टाइमचा चहा अन् काहीतरी हातावर भेटतच होतं. पण शिकलेल्याइचं काय राहते ते मले का माहीत. पोरगी खुश होती. बिल्डरच्या साहेबानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काम चांगलं केलं तं शेवटी ठेवून घेऊ, पक्कं. कॉलेजच्या दोन पोरी होत्या तिथं, माही नात अन् एक उमरेडची. दोघी त्याच एका शब्दावर रोज जात होत्या. ठेवून घेऊ.

मी रेजा होती. बांधकामावर डोक्शावर घमेलं घेऊन रेती, गिट्टी, सिमेंटचा मसाला वाहणारी बाई, तिले आमच्याकडे रेजा म्हणतात. चौथीत शाळा सुटली, लग्न झालं, अन् पोरगा मांडीवरचा असतानीच नवरा गेला. मंग मी ठिय्यावर जाऊन उभी राहू लागली. ठिय्या म्हणजे चौक. सकाळी मजूर तिथं उभे राहतात, ठेकेदार गाडी घेऊन येते अन् बोटानं दाखवते, तू ये, तू ये, तू नाही. ज्याच्याकडे बोट झालं तो गाडीत बसला. बाकीचे ऊन वर येईपर्यंत थांबले अन् घरी गेले. या शहरातल्या कितीतरी बिल्डिंगीत माह्या डोक्शावरचा मसाला आहे. कोणत्या, ते नाही सांगता येत. रंग दिला का सगळ्या सारख्याच दिसतात, अन् वॉचमन आतमंदी येऊ देत नाही.

घमेल्याचं काही नाही. मान पक्की होऊन जाते. त्रास होता तो दुसराच. साईटवर बाईले जागा नसे. माणसं भिंतीकडे तोंड केलं का मोकळे. आमी कुठं जाव? तं आमी पाणीच पीत नव्हतो. उन्हाळ्यात, जेव्हा लोखंडाच्या सळाखीले हात लागला तं फोड येई, तेव्हाही चूळ भराची अन् थुकून द्याची. अगदीच राहवलं नाही तं एकीनं दुसरीले म्हणाचं, "चाल वं, रेती चाळाले जाऊन येतो." मिस्त्रीले वाटे, बाया कामाले चालल्या. आमी दोघी-तिघी विटांच्या थप्पीमागं जाव, एकीनं पदर पसरून आड धरावा, बाकीच्याइनं आपलं आटपावं. रेती चाळणं म्हणजे ते. नवीन बाई आली का पहिल्याच दिवशी तिच्या कानात सांगून ठेवाचं.

माह्यासंग एक होती, माह्यापेक्षा लहान. तिले लय लाज. ती रेती चाळालेही येत नव्हती. दिवसभर दाबून ठेवे अन् घरी जाऊनच. काही वर्षांनी तिचे पाय सुजले, मंग तोंड सुजलं. डॉक्टर म्हणे, दोन्ही किडन्या गेल्या. तिच्या पोराले मी माह्या पोरासंग काही दिवस जेवू घातलं, मंग त्याचा मामा येऊन घेऊन गेला.

नातीची पाण्याची बाटली मीच भरून देतो. लेक अन् सून दोघंही सकाळीच कामाले निघून जातात, तं पोरीचा डबा, बाटली माह्याकडे. एक दिवस संध्याकाळी डबा धुवाले काढला, बाटली उचलली तं जड लागली. भरलेली. म्हटलं, विसरली असन. दुसऱ्या दिवशीही तशीच. तिसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर बाटली ठेवली.

"काहून वं, पाणी काहून नाही पेली?"

"साईटवर फिल्टर आहे ना आजी."

"मंग ही काहून नेते, व्यायामाले?"

मोबाइलमंदी पाहून राहिली होती, पण बोट हलत नव्हतं.

"संडास आहे का तिथं?"

"आहे."

"कोणाचा?"

"ऑफिसचा. चावी सरजवळ राहते. फ्लॅट पाहाले लोकं येतात ना, त्याइच्यासाठी."

"मागाची चावी."

"मागितली एकदा. सर म्हणे, ते इंटर्नसाठी नाही. सगळे मिस्त्री उभे होते आजी. मंग नाही मागितली."

उमरेडची पोरगी तं पहाटेच्या एसटीनं येई. ती घरून चहाही पेऊन निघत नव्हती, असं नातीनं सांगितलं. जसं काही हुशारीच होती ते.

मी ताक केलं, समोर बसून पाजलं. बोलून काय करती? साहेबानं 'ठेवून घेऊ' म्हटलं होतं, अन् ठेवून घ्याच्या आशेवर असलेल्या माणसाले काही मागता येत नाही. हे मले कोणी शिकवाची गरज नव्हती. ठिय्यावर पहिले बोट कोणाकडे होई? जी कुरकुर करत नाही तिच्याकडे.

पण पुढच्या महिन्यात पोरगी फणफणली. अंगात ताप, कमरेत कळ, लघवीले जाताना रडे. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, मंग विचारलं, "पाणी किती पिता?" पोरीनं माह्याकडे पाह्यलं. मी म्हटलं, "पीत नाही. तिच्या कामावर जागा नाही." डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबली, काही बोलाले गेली, अन् पुन्हा लिहू लागली.

घरी येऊन पोरीनं सरले फोन केला. मी बाजूलेच लसूण सोलत होती. सर म्हणे, बरी हो, पण सुट्टीचे दिवस मागून भरून द्या लागन. अन् वरून म्हणे, "दुसरी मॅडम तर रोज येऊन राहिली बरं." फोन ठेवला अन् पोरगी भिंतीकडे तोंड करून झोपली. तिच्या पाठीवरून समजे का रडून राहिली.

"तिलेच ठेवतील आजी."

"ठेवू दे."

"तुले काय जाते म्हणाले!"

मी हात पुसला अन् तिच्या पाठीवर ठेवला. गरम होती पाठ. मले ती सुजलेल्या तोंडाची दिसून राहिली होती, माह्यासंगची. ते काही मी पोरीले सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "तिथं रेजा आहेत का?"

"आहेत ना. छत्तीसगडच्या आहेत."

"त्या कुठं जातात?"

"मले काय माहीत? मी काय त्याइले विचारू? मॅडम म्हणतात त्या मले."

"मॅडमले लघवी येत नाही का?"

हे ऐकून ती रडता रडता हासली. मंग मी तिले आमची गोष्ट सांगितली. म्हटलं, तुह्या सरले विचारू नोको, कोणाले विचारू नोको. रेजाइपाशी जा अन् म्हण, रेती चाळाले जाऊन येतो. बस. कोणतीही रेजा समजते.

बरी होऊन पोरगी कामावर गेली. संध्याकाळी आली ते बूट काढता काढताच हासून राहिली. केसात रेती, भुवईवर रेती.

"काय वं हे?"

"तुही रेती!"

झालं असं. दुपारी ती अन् उमरेडची, दोघी रेजाइपाशी गेल्या. त्या बाया हिंदी बोलणाऱ्या, तं हिनं आपल्या मनानं त्याचं हिंदी केलं. "दीदी, रेती छानने चलें क्या?" त्यातल्या मोठ्या बाईनं दोघींकडे वरून खालपर्यंत पाह्यलं, म्हणे, "आप छानेंगी मॅडम?" ही म्हणे, "हां." बाईनं उठून मोठी चाळणी आणली, हिच्या हाती दिली अन् रेतीचा ढीग दाखवला.

"मंग?" मी म्हटलं.

"मंग काय? आता काय सांगू त्याइले? चाळली!"

"खरंच चाळली?"

"दोघीनं चाळली आजी! एक बाजू तिनं धरली, एक मी. फावड्यानं ती बाई टाके. रेती डोळ्यात जाऊन राहिली, अन् तिकडे आमचे हाल. उमरेडची मले म्हणे, तुही आजी सापडली पाहिजे मले."

मी पदर तोंडाले लावला. मले काय माहीत का आमचा शब्द आमच्याच ठिय्यावरचा होता. मी तं समजत होती, जिथं रेजा तिथं तो चालते.

शेवटी उमरेडच्या पोरीनंच चाळणी सोडली अन् सरळ म्हटलं, "दीदी, बाथरूम जाना है." त्या बायाइले आधी समजलं नाही, अन् समजलं तं अशा हासल्या म्हणे का वरच्या माळ्यावरचे मिस्त्री वाकून पाहू लागले. मोठी म्हणे, "तो ऐसा बोलो ना! इतनी रेती काहे छानी?" मंग दोघींले घेऊन गेली. तळमजल्यावर मागच्या बाजूले एक फ्लॅट होता, दारं न बसवलेला. त्या बायाइनं तिथं पाण्याचा ड्रम ठेवला होता, अन् एक जुनी साडी दाराले टांगून ठेवली होती. मोठी बाई बाहेर उभी राहिली, पोरी बाहेर येईपर्यंत हलली नाही.

पण वरून सरनंही पाह्यलं होतं. त्यानं दोघींले बोलावलं. तोंडात तंबाखूचा खर्रा होता, तो थुकून आला अन् म्हणे, "तुम्हाले इंजिनियर व्हायचं आहे का रेजा?"

नातीनं सांगितलं, सर, जागा नाही म्हणून त्याइच्याकडे गेलो होतो. तोही तरणाच होता, पोरीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असन. मंग त्यानं खिशातून चावी काढली. "ही घ्या. तुम्ही दोघी. पण त्याइले नका सांगू, नाही तर पूर्ण साईट ऑफिसात येईल. टाईल्स नवीन आहेत."

पोरगी ती चावी घरी घेऊन आली होती. माह्यासमोर ठेवली.

"काय करू आजी?"

"घे अन् वापर. पुन्हा आजारी पडली तं पाहा."

"अन् त्या?"

"त्याइची साडी आहे ना टांगलेली."

मी असंच म्हटलं. मले माही पोरगी धडधाकट पाहिजे होती, दुसरं काही सुचत नव्हतं. तिनं चावी उचलून बॅगमंदी टाकली. त्या दिवसापासून बाटली रिकामी येऊ लागली, अन् मी दुसरी मोठी बाटली आणली.

तिनं काय केलं ते मले मागून समजलं. सर जेवाले गेला का दोघी जणी रेजाइले ऑफिसात नेत. एकीनं दारावर थांबाचं, एकीनं आतमंदी. एक रेजा पोटुशी होती, तिच्यापासून सुरू झालं, मंग सगळ्याच. मागून दोघी मिळून फरशी पुसून काढत. बरेच दिवस चाललं. अन् एक दिवस पुसाचं राहून गेलं. सर आला तं पांढऱ्या टाईल्सवर सिमेंटचे पाय. चांगले पाचही बोटं उठलेले.

"हे कोणाचे?"

"आमचे सर," उमरेडची म्हणे.

सरनं तिच्या बुटाकडे पाह्यलं. "बूट काढून सिमेंटमध्ये चालता का तुम्ही?"

"हाव सर," माही नात म्हणे. "बूट खराब होतात."

तो हासला नाही. चावी मागून घेतली. पोरगी घरी आली अन् म्हणे, "आजी, गेलं. आता कोणालेच नाही ठेवणार." मी विचारलं, उमरेडचीनं तुह्यावर ढकललं नाही? म्हणे, नाही. मी विचारलं, तू? म्हणे, नाही. मी तिच्या ताटात आणखी भात वाढला. बेसनाचं चून केलं होतं त्या दिवशी, वरून हिरवागार सांबार चिरून टाकून.

उरलेले दिवस दोघी साडीवाल्या फ्लॅटमंदी जात राहिल्या. स्लॅबची लेव्हल घेणं, सळाखी मोजणं, सगळं केलं. सुट्टीचे दिवसही भरून दिले. शेवटच्या दिवशी साहेबानं कागद दिला, हात मिळवला, अन् म्हणे, "सध्या जागा नाही. पाहू पुढं." माही पोरगी मले म्हणे, तो साहेब आमाले ओळखतही नव्हता आजी, दोघीचे कागद अदलाबदल करून दिले. कोणीच नाही राहिलं. पुढच्या सोमवारी कॉलेजच्या दुसऱ्या दोन पोरी येणार होत्या, त्याइलेही पहिल्या दिवशी तेच सांगणार असतील.

उमरेडच्या पोरीची शेवटची बस त्या दिवशी चुकली, तं ती आमच्याच घरी राहिली. मले पाहून म्हणे, "ह्याच का त्या रेतीवाल्या आजी?" जेवून दोघी पुढच्या खोलीत पडल्या. काय काय बोलत होत्या, मधातच हासत, मधातच चूप. सकाळी तिच्या डब्यात पोळ्या बांधून दिल्या अन् बसवर बसवून आली.

परत येऊन पाहतो तं नात झोपलेलीच. ऊन अंगणात आलं, भांडे झाले, तरी झोपलेली. सहा महिन्यात मी तिले अशी पसरून झोपलेली पाह्यली नव्हती, एक हात पलंगाच्या खाली, तोंड उघडं. त्यात तिचा फोन वाजू लागला. मी उचलून बाहेर आली.

"हॅलो मॅडम, अरे उद्या स्लॅब आहे, तुम्ही..."

"मॅडम झोपली आहे. मी तिची आजी बोलून राहिली."

"आजी, मी सर बोलतो, साईटवरून. उठवा ना तिले, अर्जंट आहे."

"ठेवून घेऊन राहिले का तिले?"

"नाही, तसं नाही. दोन-चार दिवसांसाठी. नवीन पोरी सोमवारी येतील, अन् त्याइले लेव्हल घेता येणार नाही. तिलेच अनुभव भेटेल ना आजी."

"भेटला तिले अनुभव," मी म्हटलं.

मंग त्याचा आवाज खाली आला. "वरून मलेच बोलतात हो आजी. माहंही कंत्राट या महिन्यात संपून राहिलं."

मले त्याची दया आली. म्हटलं, "चहा पेला का गा?"

"नाही अजून."

"पे पहिले. पोरगी उठली का सांगतो तिले, मंग तिचं ती पाहीन. पण मी उठवत नाही तिले."

दुपारच्या जरा आधी ती उठली. मी सगळं सांगितलं. तिनं डोळे चोळत ऐकलं.

"दोघीले बोलावलं का?"

"तुलेच."

"ठेवणार?"

"दोन-चार दिवस म्हणे."

पलंगावर बसून ती पायाच्या बोटाकडे पाहत राहिली. तिचं काम, तिचं शिक्षण, तिचं तिले समजते. मंग ती म्हणे, "सांगून देतो त्याइले, नाही येत म्हणून." फोन घेतला, काहीतरी टाइप केलं, उशीखाली ठेवला.

"आजी, अजून थोडी झोपू?"

"झोप."

मी पडदा ओढून घेतला अन् बाहेर येऊन बसली. गल्लीत आलू-कांद्याचा ठेला येऊन राहिला होता, भोंग्यावर ओरडत. मी उठून त्याच्यापाशी गेली. म्हटलं, "बाप्पा, इथं नोको वरडू. पोरगी झोपली आहे. पुढं जाऊन वरड."